नमुन्याची बाटली

नाकसाहेबांच्या घरात तीसेक वर्षं वासाचा साबण आला नाही. पावडर नाही, अत्तर नाही, फरशी पुसायचं ते लिंबाच्या वासाचं औषधसुद्धा नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बायकोनं माहेरून आणलेली मोगऱ्याच्या तेलाची बाटली त्यांनी मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली आणि शेजारणीला देऊन टाकली. "अगं, आपलं पोट माझ्या नाकावर आहे," असं ते तेव्हा म्हणाले. बायको म्हणाली, "नाक नाकाच्या जागी असू द्या आणि पोट पोटाच्या." पण तेल गेलं ते गेलंच. म्हणीतल्या माणसाचं तेल गेलं, तूप गेलं, तरी हाती धुपाटणं तरी राहिलं. या बाईला तेही ठेवता आलं नसतं, कारण त्यालाही वास येतो.

एवढा तोरा कशाचा म्हणाल, तर नोकरीचा. गावाबाहेरच्या कारखान्यात बर्बन तयार व्हायची. बर्बन म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे बिस्किट येतं त्यांच्यासाठी सांगतो, ही व्हिस्की. मुख्य मका, सोबतीला थोडं राय नावाचं गव्हासारखं धान्य आणि जव, आणि मग आतून जाळून काळ्या केलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपांत काही वर्षं मुरवायची. पिंपं दिसायला सगळी सारखी, पण एका आईची दोन पोरं सारखी निघत नाहीत तशी दोन पिंपंही निघत नाहीत. छपराजवळचं तापट, तळातलं थंड आणि आळशी. अशी ढीगभर पिंपं एकत्र ओतायची, पाणी घालायचं, बाटल्या भरायच्या, आणि एवढं करून गिऱ्हाइकाला गेल्या खेपेचीच चव लागली पाहिजे. ती लागते की नाही हे ठरवायचं काम नाकसाहेबांचं. पगार त्याचाच होता आणि टोपणनावही त्यावरूनच पडलं होतं.

त्यांची खोली पहिल्या मजल्याच्या टोकाला. भिंती पांढऱ्या, खिडकी कायम बंद, कारण खाली ट्रक उभे राहायचे. एक गोल टेबल, पाण्याचा जग, थुंकायला स्टीलची बादली आणि फडताळात निळ्या काचेचे छोटे ग्लास. ग्लास निळे अशासाठी, की आतला रंग दिसू नये आणि डोळ्यांनी नाकाच्या कामात लुडबुड करू नये. तीन ग्लास मांडायचे. दोनांत नमुन्याच्या बाटलीतली, एकात नवी, किंवा याच्या उलट. वेगळा ग्लास कोणता ते वासावर आणि एका घोटावर ओळखायचं. नाकसाहेब आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी केमिस्ट आळीपाळीनं बसायचे. तिघांनाही ओळखता आलं नाही की माल पास. मग नाकसाहेब कागदावर लिहायचे, "फरक नाही", आणि खाली सही ठोकायचे.

नमुन्याची बाटली म्हणजे काही अक्षयपात्र नव्हे. चाचण्यांत थोडी थोडी संपायची. तळाला गेली की सगळ्यात अलीकडे पास झालेल्या खेपेतली एक बाटली बाजूला काढायची, तिच्या गळ्यात लाल पट्टी अडकवायची, झाला नवा नमुना. ही पद्धत नाकसाहेबांच्या आधीपासूनची. तिच्यात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. नमुन्याशी तंतोतंत जुळलेली बाटली म्हणजे नमुनाच की.

कारखान्यात त्यांच्या शब्दापुढे कुणी ब्र काढत नसे. घरचा मामला वेगळा होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, नवरा कोपऱ्यावर बार चालवायचा. उंच काउंटर, त्यावर ग्लासांच्या कडांनी उमटलेल्या गोल डागांची नक्षी, आणि मागे खांद्यावर टॉवेल टाकलेले साडूभाऊ. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. ग्लास पुसत पुसत ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "घ्या, चांगली आहे. पण पूर्वीची राहिली नाही." हे ते बर्बनबद्दल म्हणायचे, बर्फाबद्दल म्हणायचे, आणि ताई शेजारी नसली तर संसाराबद्दलही म्हणायचे. कुणी मनावर घेत नसे. जित्याची खोड.

सुरुवातीला दोघा साडवांचं गूळपीठ होतं. नाकसाहेबांना नोकरी लागली त्या आठवड्यात दोघांनी मिळून कारखान्याच्या बर्बनच्या दोन बाटल्या घेतल्या, एकाच खोक्यातल्या. एक त्याच संध्याकाळी संपली. दुसरी साडूभाऊंनी बारच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "ही तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा फोडू. तोवर मी कुणाला हात लावू देणार नाही." आणि खरंच दिला नाही. बारमध्ये पुढे दोनदा पाणी शिरलं, एकदा आग लागता लागता राहिली, पण दर वेळी साडूभाऊ आधी त्या फळीकडे धावायचे आणि मग गल्ल्याकडे.

बिनसलं ते दोघी बहिणींच्या भाचीच्या लग्नात. जेवणं झाली होती, मंडळी खुर्च्यांवर सैलावली होती, व्याह्यांसाठी बर्बनचे ग्लास फिरत होते. साडूभाऊंनी एक घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चांगली आहे, पण पूर्वीची राहिली नाही. आमचे साडू सही करतात म्हणून खपते." उचलली जीभ लावली टाळ्याला. एरवी नाकसाहेबांनी हसून सोडलं असतं, पण व्याही त्यांच्याकडे वळून बघायला लागले. ते म्हणाले, "साडूभाऊ, तुमची जीभ सिगारेटनं कधीच जळून गेलीय. उद्या तुम्हाला ग्लासात शाई दिली तरी म्हणाल, पूर्वीची शाई बरी होती. माझी सही आहे त्यावर. फरक नाही म्हणजे नाही." सगळे हसले. व्याही तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ते हसणं साडूभाऊंना लागलं. बारवाल्याच्या जिभेला कुणी नावं ठेवली, तर त्यानं काउंटरमागे उभं तरी कशाला राहायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, की ती वरच्या फळीवरची बाटली आता एकाच दिवशी फुटेल. फरक आहे असं ज्या दिवशी साडू माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं कबूल करतील त्या दिवशी. नाहीतर ती माझ्या तिरडीवर जाईल. नाकसाहेबांनी उलट निरोप धाडला, की मग तिरडीच तयार ठेवा.

त्यानंतर दोन घरांत बोलणं नाही. बहिणींची मात्र पंचाईत झाली. त्या भाजीबाजारामागच्या बाकावर भेटायला लागल्या, आणि दोघीही घरी सांगायच्या, की दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते. दोघींचे दात खणखणीत होते. नाकसाहेबांना हे ठाऊक होतं. बायको डॉक्टरकडून परत यायची तेव्हा तिच्या पदराला कोथिंबिरीचा वास असायचा. ते काही बोलले नाहीत, पण त्यांना वाईट वाटायचं. साडूभाऊंसारखा गप्पांचा माणूस त्यांना पुन्हा मिळाला नव्हता. पण वाईट वाटतं म्हणून फरक आहे असं म्हणायचं? मग त्या सगळ्या सह्यांचं काय करायचं?

अशी वर्षं गेली. साडूभाऊंनी बार विकला आणि बाटली घरी नेली. नाकसाहेबांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा नवे विक्रीसाहेब त्यांच्या खोलीत आले. विक्रीसाहेब गुळगुळीत दाढीचे, आणि त्या दाढीवर असं काही फवारलेलं की नाकसाहेबांनी खुर्ची मागे घेतली.

"अभिनंदन करायला आलो," विक्रीसाहेब म्हणाले. "तुमच्या निवृत्तीच्या मुहूर्तावर आपण एक खास बाटली काढतोय. जुना आकार, जुनं लेबल, जुनी चव. लोक हल्ली म्हणतात ना, पूर्वीची राहिली नाही? त्यांच्यासाठी. किंमत अर्थात दुप्पट."

"आत काय भरणार?" नाकसाहेबांनी विचारलं.

"आपली नेहमीचीच."

"नेहमीची? आणि लिहिणार जुनी चव?"

विक्रीसाहेबांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "अहो, तुम्हीच तर इतकी वर्षं लिहून देताय, फरक नाही म्हणून. मग नेहमीची काय आणि जुनी काय? तुमच्याच सह्या काढून पाहिल्या मी, एकसुद्धा खेप वेगळी नाही. आता फक्त एकदा लिहून द्या, की ही पहिल्या दिवसासारखीच आहे. लेबलवर तुमची सही छापू."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. युक्तिवादात कुठेही फट नव्हती. आज काल​सारखी, काल परवासारखी, परवा त्याच्या आदल्या दिवसासारखी. मग आज पहिल्या दिवसासारखी नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तरी त्यांची लेखणी चालेना. ते म्हणाले, "न चाखता मी लिहीत नाही. पहिल्या काळातली एक बाटली आणा, समोर ठेवा, मी सांगतो."

कारखान्यात शोधाशोध झाली. जुने नमुने सगळे नमुना म्हणून पिऊन आणि थुंकून झाले होते. शेवटी कुणाला तरी आठवलं, की स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात कारखान्याच्या सुरुवातीची एक बाटली मांडलेली आहे. पाहुण्यांना तिच्यासमोर उभं करून फोटो काढायचे. विक्रीसाहेबांनी ती स्वतः हातांवर आणली. नाकसाहेबांनी बूच काढलं, एकदाच वास घेतला आणि बाटली खाली ठेवली.

"कोरा चहा आहे," ते म्हणाले. "तोही शिळा."

म्हणजे त्या काळातली बाटली राहिली होती ती एकाच घरात. नाकसाहेब घरी आले, जेवले, आणि हात धुतल्यावर बायकोला म्हणाले, "ताईंना विचार, घरी कधी असतात."

"कुठे विचारू?" बायकोनं भोळेपणाचा आव आणला.

"दातांच्या डॉक्टरकडे," नाकसाहेब म्हणाले.

ठरल्या दुपारी दोघं निघाले. नाकसाहेबांच्या हातात पिशवी, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेले निळे ग्लास आणि नुकत्याच पास झालेल्या खेपेतली एक बाटली. दार ताईनं उघडलं. साडूभाऊ आरामखुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते. म्हातारे झाले होते. नाकसाहेबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"त्यांना विचार, पाणी हवंय का," साडूभाऊ पेपरमागून ताईला म्हणाले.

"त्यांना सांग, चालेल," नाकसाहेब बायकोला म्हणाले.

"आणि विचार, कबूल करायला आलेत का."

"सांग, चाखायला आलोय. चाखल्यावर जे असेल ते बोलेन."

"आधी कबुली, मग बूच."

"आधी बूच."

ताई कंबरेवर हात ठेवून मधे उभी राहिली. "पुरे झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "मला एवढं सांगा, हा माणूस तुमच्याशी आयुष्यात कधी खोटं बोललाय?"

साडूभाऊंनी पेपर खाली ठेवला. बराच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तेच तर दुखणं आहे."

"मग तो चाखेल आणि खरं बोलेल. फरक असला तर तोंडानं म्हणेल. काढा बाटली."

साडूभाऊ उठले आणि कपाटावरून बाटली काढली. लेबल पिवळं पडलं होतं, पण आतला रंग खिडकीच्या उजेडात असा लखलखला की चौघंही क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. बूच मात्र धरल्याबरोबर भुगा होऊन आत पडलं. ताई म्हणाली, "थांबा, गाळून आणते," आणि चहाची गाळणी घ्यायला निघाली, तेव्हा नाकसाहेब असे ओरडले की ती दचकली. मग स्वच्छ पंचा, धुतलेला काचेचा जग आणि नरसाळं, अशी सगळी तयारी स्वयंपाकघरात त्यांच्या देखरेखीखाली झाली. जुनी बर्बन जगात गाळून घेतली आणि रिकामी जुनी बाटली ओट्यावर उभी राहिली. नाकसाहेबांनी सांगितलं, "आता मी बाहेर जातो. मला तीन ग्लास, दोनांत एक, तिसऱ्यात दुसरी. कोणत्यात जुनी त्याच्या तळाला चिकटपट्टीचा तुकडा लावा, आणि मला सांगू नका."

"मला तीन-बिन नकोत," साडूभाऊ बाहेरून म्हणाले. "मला दोनच द्या. त्यात जुनी कोणती ते मी झोपेतसुद्धा सांगेन."

बहिणींनी पाच ग्लास आणून ठेवले. नाकसाहेबांनी पहिला उचलला. नाकाखाली धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला. तिसऱ्यापर्यंत जायची गरजच नव्हती, तरी पद्धत म्हणून गेले.

पहिल्या ग्लासात करपलेली साखर होती, संत्र्याची वाळकी साल होती, आणि त्याखाली जुन्या शिसवी कपाटाचा खण उघडल्यावर येतो तसा जड, गोडसर वास. घोट घेतला तर तो जिभेवर बसून राहिला, जणू मुक्कामाला आलाय. दुसरा ग्लास स्वच्छ होता, चटपटीत होता, नुकत्याच रंधा मारलेल्या फळीसारखा, आणि घोट गिळेपर्यंत निघून गेला होता. फरक शोधायचाच नव्हता. जमीन-अस्मानाचा होता.

नाकसाहेब बसून राहिले. मधल्या वर्षांत काय काय बदललं ते त्यांना आठवायला लागलं. मक्याचं बियाणं बदललं. पिंपांना पूर्वीइतक्या जुन्या झाडांचं लाकूड मिळेनासं झालं. पिंपात भरताना दारू जास्त कडक ठेवायला लागले, म्हणजे पिंपं कमी लागतात, आणि बाटलीत भरताना पाणी जास्त घालता येतं. प्रत्येक बदल झाला तेव्हा कारखान्यानं त्यांना विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तीन ग्लास मांडून प्रामाणिकपणे लिहिलं होतं, फरक नाही. नव्हताच. कालच्या बाटलीशी नव्हता. किल्लीवरून किल्ली, त्या किल्लीवरून आणखी एक किल्ली करत जावं, प्रत्येक जोडी जुळावी, आणि शेवटच्या किल्लीनं मूळ कुलूपच उघडू नये, तसं झालं होतं. एकही सही खोटी नव्हती आणि सगळ्या मिळून खोट्या होत्या.

तेवढ्यात साडूभाऊंनी आपले दोन ग्लास चाखले. पहिल्याला तोंड वाकडं केलं. "ही तुमची हल्लीची. कुबट झालीय, अडगळीसारखी." दुसऱ्याचा घोट घेतला आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "ही! ही जुनी. त्या संध्याकाळी आपण प्यायलो ती. काय हलकी, काय स्वच्छ! मी म्हणत नव्हतो?"

नाकसाहेबांनी हात लांब करून तो दुसरा ग्लास नाकाजवळ नेला. रंधा मारलेली फळी. नवी होती. साडूभाऊंनी अडगळीसारखी म्हणून बाजूला सारली होती ती जुनी. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण चिकटपट्टी त्यांनीच लावली होती.

आता गंमत बघा. नाकसाहेबांनी नुसते ते दोन ग्लास उलटे करून तळ दाखवले असते तरी काम झालं असतं. साडूभाऊंच्या जळक्या जिभेची साक्ष त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोसमोर निघाली असती. ज्यानं फरक आहे म्हणून जग डोक्यावर घेतलं त्यालाच फरक कळत नाही, मग फरक आहे असं म्हणणारा उरला कोण? सगळ्या सह्या तरल्या असत्या, लेबलवरची सही छापली गेली असती, आणि पडलो तरी नाक वर राहिलं असतं. त्यांचा हात ग्लासापाशी गेलाही. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, नुसती बघत होती.

त्यांनी हात मागे घेतला. "साडूभाऊ," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोला मधे न घालता म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. फरक आहे. पूर्वीची राहिली नाही. मी चुकलो."

साडूभाऊंनी ग्लास खाली ठेवला. त्यांना आता जोरात काहीतरी बोलायचं होतं. वर्षानुवर्षं पाठ केलेलं असणार. पण त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. ते उठले, नाकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, कामात होतं असं कधी कधी. तुम्ही बसा. एवढ्या लांबून आलात."

मग ते ताईला म्हणाले, "ती जुनी आण. आपल्या बाटलीतली."

ताई आणि बायको आत गेल्या. जरा वेळ लागला. नरसाळं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मग ताई पिवळ्या लेबलाची बाटली घेऊन बाहेर आली आणि तिनं दोघांचे ग्लास भरले. नाकसाहेबांनी सवयीनं वास घेतला. रंधा मारलेली फळी. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होती. अळीमिळी गुपचिळी.

"वा," साडूभाऊ म्हणाले. "याला म्हणतात बर्बन. आणि ती तुमची हल्लीची अडगळ जाताना घेऊन जा बुवा. माझ्या घरात नको."

म्हणून त्या काळातली जगातली कदाचित शेवटची बर्बन नव्या बाटलीत, टॉवेलात गुंडाळून, नाकसाहेबांच्या पिशवीतून त्यांच्याच घरी आली. वाटेत ते हसत होते की त्यांचे डोळे भरले होते हे बायकोला नीट सांगता आलं नसतं. घरी आल्यावर त्यांनी बाटलीच्या गळ्यात कारखान्यातून आणलेली लाल पट्टी अडकवली आणि ती कपाटात ठेवली. खरा नमुना अखेर सापडला होता आणि त्याच्याशी जुळवायला जगात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विक्रीसाहेबांच्या कागदावर नोकरीतली शेवटची सही केली. चवीच्या रकान्यात लिहिलं, "फरक आहे." आयुष्यात पहिल्यांदा. मग मान ताठ करून कागद पुढे केला. आता बोलणी बसतील, निरोपसमारंभ रद्द होईल, काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

विक्रीसाहेबांनी कागद वाचला, परत वाचला आणि टेबलावर हात आपटला. "झकास," ते म्हणाले.

निरोपसमारंभात ती खास बाटली सर्वांना वाटली. जुना आकार, जुनं लेबल, त्यावर सोनेरी मोठ्या अक्षरांत "फरक आहे", आणि त्याखाली नाकसाहेबांची सही. आत नेहमीचीच होती. नाकसाहेब विक्रीसाहेबांना गाठून म्हणाले, "अहो, मी म्हणालो होतो की जुनीत आणि हिच्यात फरक आहे."

"तसंच छापलंय ना? शब्द तुमचा, सही तुमची," विक्रीसाहेब म्हणाले. "कशात फरक ते गिऱ्हाईक ठरवेल." आणि त्यांनी नाकसाहेबांच्या गळ्यात हार घातला. फुलांचा वास अर्थातच फार होता. पण बायकोनं त्याच सकाळी मोगऱ्याचा साबण आणला होता, त्यामुळे एव्हाना त्यांना वासाची थोडी सवय झाली होती.

बाटल्या हातोहात खपल्या. महिना झाला नसेल, तोच साडूभाऊंचा निरोप आला, की या आणि ते तुमचे तीन ग्लास घेऊन या. गेले तर टेबलावर सोनेरी अक्षरांची नवी बाटली आणि शेजारी पिवळ्या लेबलाची जुनी. साडूभाऊ लग्नघरातल्यासारखे खुशीत होते. "कंपनीनं शेवटी माझं ऐकलं," ते म्हणाले. "पण मी असा तसा विश्वास ठेवणार नाही. या जुनीशी ताडून बघा आणि सांगा. तुमचं नाक म्हणजे शेवटचा शब्द."

ताईनं आत जाऊन ग्लास भरून आणले. नाकसाहेबांनी पहिला उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. फळी, फळी, फळी. एकाच टाकीतल्या दोन बाटल्या. त्यांत फरक सापडला असता तर नाक डॉक्टरला दाखवावं लागलं असतं. त्यांनी उगीचच वेळ घेतला. दोघी बहिणी दारात उभ्या होत्या. साडूभाऊ निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"फरक नाही," नाकसाहेब म्हणाले.

साडूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "हे बघा, आता कसं बोललात! एवढंच त्या लग्नात म्हणाला असता, तर मधली सगळी वर्षं फुकट गेली नसती."

"तेव्हाही मी हेच म्हणालो होतो," नाकसाहेब म्हणाले.

साडूभाऊंना ते फारच विनोदी वाटलं. त्यांना हसता हसता ठसका लागला, आणि तो थांबल्यावर त्यांनी जुन्या बाटलीतली दोघांच्या ग्लासांत आणखी ओतली.